गाडीवरचे पांढरे ठिपके
आमच्या बीडला बोअरचं पाणी जड. हंड्याच्या तळाशी बसतो तोच क्षार ह्यांच्या मोटारसायकलीच्या चकचकीत हँडलवर पांढरे ठिपके होऊन बसतो. राखेनं किंवा काथ्यानं घासू नये. क्रोमवर चरे पडतात नि पुढं तिथंच गंज धरतो. गाडी थंड असताना व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी मिसळून भिजवलेलं फडकं ठिपक्यांवर दोन मिनिटं धरावं, साध्या पाण्यानं पुसून लगेच कोरडं करावं. रंगाला नि ॲल्युमिनियमला मात्र आंबट लावू नये.

आणि रोज बादलीभर पाणी गाडीवर कशाला ओतायचं, बाई? पाणी वाळलं की ठिपका आलाच! २०१६ साली शेजारच्या लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. एक ओलं फडकं, एक कोरडं, एवढ्यावर गाडी लखलखते. बादली घरात वाचते.