ताटलीत उरलेला तुकडा

मोटरसायकल खोलून पुन्हा जोडली आणि ताटलीत एक तुकडा उरला, की 'हा कुठला?' हा प्रश्न मनात उशिरा येतो. आधी येतो तो 'ह्याच्याशिवाय गाडी चालते का?' मी किक मारली. गाडी चालू झाली. पुढच्या माझ्या बहुतेक चुका त्या किकमधून निघाल्या.

तुकडा लोखंडी, दंडगोल, करंगळीच्या पेरापेक्षाही लहान. पोटातून आडवं आरपार भोक. आटे नाहीत, नंबर नाही. गाडी म्हणजे जुनी स्प्लेंडर, टाकीवर अजून 'हीरो होंडा' लिहिलेली. ती भागीदारी मोडत असल्याचं २०१०च्या डिसेंबरात जाहीर झालं, त्यावरून गाडीचं वय समजा. इतक्या जुन्या गाडीवर सर्व्हिसिंगचे पैसे कशाला घालायचे, हा माझा हिशेब. मागच्या ब्रेकचे शू झिजले होते, ते बदलायचे होते. हात काळे होणारच आहेत तर कार्बोरेटरही साफ करू, असंही ठरवलं. हीच पहिली चूक. दोन कामं एका बैठकीत, आणि दोन्हींचे भाग एका ताटलीत.

नागपुरात मे महिन्यात अंगणात काही करायचं तर सकाळी लवकर. उन्हं वर आली की जमिनीवर ठेवलेला पाना हातात धरवत नाही. मी वर्तमानपत्र पसरून भाग ओळीने मांडले होते. चाक एकदाचं चढवलं, ब्रेकच्या रॉडचा नट लावला, तोवर ऊन अंगावर आलं. कार्बोरेटर बाकी होता. मग उरलेलं सगळं उचलून आत कूलरसमोर नेलं. कूलरच्या झोतात कागद उडाला, भाग पलंगाखाली. जे सापडलं ते गोळा करून ताटलीत टाकलं आणि वरून पेट्रोल ओतून धुतलं. खोलीत पेट्रोल, शेजारी कूलरची मोटर. ह्यावर बायको जे बोलली ते योग्यच होतं.

रॉबर्ट पर्सिगच्या १९७४ सालच्या 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' ह्या पुस्तकात असा उरलेला भाग आहे. त्याच्या उदाहरणात उरतं ते कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग लायनर, म्हणजे इंजिन पुन्हा उघडणं आलं. उपाय तो सांगतो: वहीत टिपणं ठेवा, भाग कागदावर डावीकडून उजवीकडे, वरून खाली, आपण पान वाचतो तसे मांडा. पुस्तक मी वाचलेलं होतं. कागदही पसरला होता. कूलरबद्दल त्यात काही नाही.

तुकडा पेट्रोलने लख्ख झालेला, म्हणून तो कार्बोरेटरचाच असणार असं मी धरलं. खरं तर धुतल्यामुळेच त्याच्यावरची एकमेव खूण गेली होती. न धुता पाहिला असता तर त्याच्यावर रस्त्याची माती आणि जुनं ग्रीस दिसलं असतं, आणि असं काही कार्बोरेटरच्या आत राहत नाही हे मलाही कळलं असतं. पण मी कार्बोरेटर पुन्हा उघडला. फ्लोटची पिन सुईसारखी बारीक, जेट पितळेचे, त्यांना आटे. हा जाडजूड गोळा त्या कपात मावला तरी असता का, एवढा साधा विचार सुचला नाही. कार्बोरेटर बंद केला आणि नवं अनुमान काढलं: हा ह्या गाडीचा नाहीच. वडिलांच्या चेतकचे सुटे भाग एका डब्यात आहेत, पलंगाखालून त्यातलाच एखादा आला असेल. तुकडा त्या डब्यात गेला. मला फार हलकं वाटलं.

संध्याकाळी फुटाळा तलावाकडे गेलो. सेमिनरी हिल्सच्या उतारावर पेडल थोडं जास्त खाली जातंय असं वाटलं. नवे शू आहेत, बसायला वेळ लागेल, अशी मी माझी समजूत घातली आणि घरी येऊन नट आवळला. पुन्हा सैल पडला, पुन्हा आवळला. नट आवळला की ब्रेक लागतो, ब्रेक लागला की आपण विचार थांबवतो. इंजिन मात्र मजेत होतं. ९७.२ सीसीचं ते इंजिन काहीही सोसून घेतं, आणि मागच्या चाकात काय कमी आहे हे त्याच्या आवाजावरून कळण्याचा प्रश्नच नव्हता.

उलगडा झाला तो नटाकडे नीट पाहिल्यावर. ब्रेकच्या रॉडवरचा हा नट साधा नसतो. त्याच्या तोंडाला अर्धगोल खाच असते. ती खाच माझ्या गाडीवर कशावरच बसत नव्हती. ब्रेकच्या आर्मच्या दोन कडांवर नट तिरका टेकला होता आणि कडांवर घासल्याच्या ताज्या रेघा होत्या. खाच गोल असेल तर तिच्यात काहीतरी गोल बसत असणार. तुकडा लगेच आठवला, पण आता माझा माझ्यावरच विश्वास नव्हता.

स्प्लेंडरचा एक मोठा गुण म्हणजे नमुना पाहायला कुठे जावं लागत नाही. सीताबर्डीच्या पार्किंगमध्ये कुणाच्या तरी स्प्लेंडरच्या मागच्या चाकाशी उकिडवा बसलो. आर्मच्या टोकाच्या फटीत माझा तुकडा बसलेला, त्याच्या आडव्या भोकातून रॉड आलेला, आणि नटाची खाच त्याच्या गोलाईवर नेमकी टेकलेली. फोटो काढायला मोबाईल आणखी जवळ नेला.

"काय पाहून राहिले भाऊ?" मागून आवाज. "गाडी माही आहे ते."

मी ब्रेक, शू, कूलर असं सगळं सांगायला लागलो. चाकाशी बसलेला माणूस जितकं सविस्तर सांगतो तितका तो चोर वाटतो. शेवटी त्याने माझीच गाडी पाहायला मागितली, पाहिली, आणि म्हणाला, "अशीच चालवून राहिले काय? काऊन बे जीवावर उठले!" अहो-जाहो आणि 'बे' एकाच दमात, हे नागपुरातच ऐकावं.

तुकड्याचं काम तेव्हा कुठे नीट कळलं. पेडल दाबलं की रॉड सरळ पुढे ओढला जातो. आर्म मात्र गोलाईत फिरतो, त्याच्याबरोबर कॅम फिरतो आणि शू ड्रमवर दाबले जातात. सरळ चाल आणि गोल चाल जिथे भेटतात तिथे हा तुकडा आर्ममध्ये स्वतः थोडा फिरतो, म्हणून रॉड वाकत नाही आणि नट तिरका होत नाही. शू काढताना नट सोडून रॉड पुढे ओढला तेव्हा स्प्रिंग उडाली होती. स्प्रिंग मी शोधली. तिच्या पाठोपाठ आणखी काही पडलं का, हे पाहिलं नाही.

परत बसवणं अगदी थोडक्यात झालं. चेतकच्या डब्यातून तुकडा काढून आर्मच्या भोकात सरकवला, त्याचं आडवं भोक रॉडच्या रेषेत आणलं, स्प्रिंग रॉडवर घातली, आर्म हाताने पुढे दाबून रॉड आरपार काढला, नट लावला. आता नट दर अर्ध्या फेऱ्याला खाचेत बसत होता आणि तो खटका बोटांना कळत होता. आधी तसा खटका लागलाच नव्हता. पेडलला २० ते ३० मिलिमीटर मोकळी चाल ठेवली, चाक हाताने फिरवून कुठे घासत नाही ना पाहिलं, मागचा दिवा वेळेवर लागतो का तेही पाहिलं.

मग गाडी मोहल्ल्यातल्या मिस्त्रीकडे नेली, फक्त नजर टाकायला. त्याने आर्म पाहिला, मान हलवली. नंतर ब्रेक प्लेटच्या पट्टीच्या नटातली स्प्लिट पिन नखाने हलवली.

"जुनीच लावली ना?"

लावली होती. एकदा वाकवून सरळ केलेली, पुन्हा वाकवलेली. त्याने डब्यातून नवी काढून घातली, तिचे पैसे घेतले नाहीत. मग चेन बोटाने वर-खाली करून पाहिली.

"ब्रेकचं जमलं तुमाले. पण चेन किती कडक करून ठेवली, पाहा!"

चेन ढिली करायचे पैसे त्याने घेतले.