क्योतोचीं वस्त्रें आणि केशपुष्पें

मराठींत साडी नेसतात, सदरा घालतात आणि शाल पांघरतात. तिन्ही क्रियापदांचा अर्थ अंगावर वस्त्र धारण करणें हाच. तरी आपल्या भाषेनें त्यांत भेद केला आहे, आणि तो निष्कारण नव्हे. जें वस्त्र शिंप्यानें अंगाच्या मापानें बेतलें तें घालावयाचें; ज्याला आकार नेसणाराच्या हातानें यावयाचा तें नेसावयाचें. जपानांतील किमोनो या दोहोंपैकीं कोणत्या वर्गांत पडतो, हा प्रश्न क्योतो शहरीं आमच्यापुढें आला. आणि त्याचें उत्तर शोधीत असतां आमच्याच घरांतील एक गोष्ट आम्हांस स्पष्ट दिसूं लागली. ती वाचकांपुढें मांडावी एवढ्यासाठींच हा लेखनप्रपंच.

आमचे धाकटे चिरंजीव नोकरीनिमित्त तोक्योस असतात. गेल्या चैत्रांत त्यांच्याकडे गेलों असतां सूनबाईंनीं क्योतोचा बेत आंखला. आमच्याबरोबर सौ. आणि थोरल्या चिरंजीवांची बारा वर्षांची कन्या होती. तोक्योहून क्योतो शिंकान्सेन आगगाडीनें सुमारें सव्वादोन तासांच्या वाटेवर आहे. इ. स. ७९४ मध्यें सम्राट कान्मू यांनीं येथें राजधानी आणली, आणि १८६८ सालीं मेइजी राजवट सुरू होईपर्यंत सम्राटांचें आसन बहुतेक सर्व काळ येथेंच होतें. जेथें दरबार तेथें कारागीर, हा न्याय सर्वत्र सारखाच. आपल्याकडे पैठणीस जसें पैठण, तसें जपानांत उंची रेशमास क्योतो. शहराच्या वायव्येस निशिजिन नांवाचा विणकरांचा भाग आहे. या नांवाचा अर्थ ‘पश्चिमेची छावणी’. १४६७ ते १४७७ पर्यंत चाललेल्या ओनिन युद्धांत एका पक्षाचा तळ तेथें होता. युद्ध संपल्यावर पांगलेले विणकर परतले आणि त्या जागीं माग मांडून बसले. याच विणकरांच्या धंद्यासाठीं १८७२ सालीं तिघां जणांस फ्रान्स देशीं लियों शहरांत जाकार माग शिकावयास पाठविण्यांत आलें. जुनें राखावयाचें तर नवें शिकावें लागतें, हें त्या लोकांनीं तेव्हांच ओळखलें होतें.

कियोमिझु मंदिराच्या चढणीवर आणि गिओन भागांत किमोनो भाड्यानें देणारीं दुकानें ठिकठिकाणीं आहेत. सकाळीं वस्त्र घ्यावें, दिवसभर देवळें पाहावीं आणि सायंकाळीं दुकान बंद होण्यापूर्वीं परत करावें, असा रिवाज. परक्या देशाचा पोशाख अंगावर चढवून मिरवणें आम्हांस नाटकी वाटलें, व तसें आम्हीं सूनबाईंस सांगितलेंही. त्या म्हणाल्या, “बाबा, वस्त्र नीट नेसलें तर येथील लोकांस आनंदच होतो. नीट नेसलेलें नसलें तरच त्यांच्या डोळ्यांस खुपतें.” हा निकष आम्हांस पटला, आणि आम्ही सर्व मंडळी आंत गेलों.

पुरुषांचें काम थोडक्यांत आटोपतें. किमोनो अंगावर घेऊन डावी बाजू उजवीवर आणावयाची आणि ओबी म्हणजे कमरपट्टा पोटाखालीं कटीवर आंवळून बांधावयाचा. डावी बाजू वर घेण्याचा हा नियम इ. स. ७१९ मधील राजाज्ञेनें घालून दिलेला आहे. उजवी बाजू वर येते ती फक्त मृताच्या अंगावर. आपल्याकडे देवकार्यांत सव्य आणि पितृकार्यांत अपसव्य करतात, त्याची आम्हांस साहजिकच आठवण झाली. वस्त्राच्या एका वळणानें जिवंत आणि मृत यांमधील सीमा दाखविणारे लोक जगांत आपणच एकटे नव्हों.

स्त्रियांचें दालन वेगळें होतें. तेथील हकीकत सौ. व सूनबाई यांच्याकडून कळली ती अशी. प्रथम ताबी म्हणजे अंगठा वेगळा असलेला पांढरा मोजा, मग आंतील नागाजुबान, त्यावर किमोनो, आणि जवळजवळ प्रत्येक थरास बांधावयास वेगळी दोरी. स्त्रियांचा किमोनो पायघोळाहूनही लांब असतो. जास्तीचें वस्त्र कमरेशीं वर ओढून त्याची आडवी घडी घालतात. तिला ओहाशोरी असें नांव आहे. या घडीमुळें एकच किमोनो उंच सासूस आणि ठेंगण्या सुनेसही नेसतां येतो. शेवटीं सुमारें चार मीटर लांबीची ओबी कमरेभोंवतीं गुंडाळून पाठीवर तिची गांठ बसवावयाची. बाह्या आहेत, शिवणही आहे. तरी बांधा येतो तो घडीनें आणि गांठीनें, कातरीनें नव्हे. तेव्हां आमच्या मतें किमोनो हें नेसण्याचेंच वस्त्र ठरतें.

याचें कारण त्याच्या बेतण्यांत आहे. किमोनोचें कापड सुमारें १२ मीटर लांब आणि ३६ ते ३८ सेंटिमीटर रुंद अशा एका ताग्यांत येतें. तें सरळ रेषांतच कापून त्याचे आठ तुकडे करतात. गळ्यास किंवा बगलेस गोल काप नाहीं, म्हणून चिंधी म्हणून टाकावयास कांहीं उरत नाहीं. धुवावयाच्या वेळीं पूर्वीं सर्व शिवण उसवीत, तुकडे जोडून पुन्हां ताग्यासारखें लांब कापड करीत, तें धुवून ताणून वाळवीत आणि पुन्हां शिवीत. आईचा किमोनो मुलीस आणि मुलीचा जीर्ण झाल्यावर लहान मुलास, असा त्याचा प्रवास चाले. जुन्या नऊवारीची गोधडी करणाऱ्या आपल्या आजीबाईंस हें शास्त्र नव्यानें शिकविण्याची गरज पडली नसती. बौद्ध भिक्षूंचें तुकडे जोडून केलेलें वस्त्र जपानांत ‘केसा’ म्हणून ओळखलें जातें. हा शब्द आपल्या ‘काषाय’ शब्दाचाच अपभ्रंश आहे, हें येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

नेसविणाऱ्या बाई सत्तरीच्या घरांतल्या होत्या. त्यांचे हात इतके सराईत कीं, ही विद्या त्यांस आईपासून आली असावी असें सौ. यांस वाटलें, व त्यांनीं सूनबाईंकरवीं तसें विचारलेंही. बाई हंसल्या आणि म्हणाल्या, “माझी आई रोज किमोनो नेसत असे. मी मात्र स्कर्ट घालून शाळेंत गेलें, स्कर्ट घालूनच नोकरी केली. आई गेल्यावर तिची पेटी उघडली, तिचा किमोनो अंगावर घेतला, आणि तो मला नेसतां येईना. मग चाळिशींत पैसे भरून शाळेंत शिकलें.” हें सूनबाईंनीं सांगितलें तेव्हां सौ. कांहीं वेळ बोलल्या नाहींत.

या बाईंची कथा एकटीची नव्हे. १८७१ सालीं जपानच्या सरकारनें पुरुषांस शेंडीची जुनी पद्धत सोडून केंस कापण्याची मोकळीक दिली, आणि पुढील वर्षीं दरबारी समारंभांस पाश्चात्त्य पोशाख ठरविला. स्त्रिया पुष्कळ काळ जुन्या वेषांतच राहिल्या. पुढें युद्ध आलें; १९४० च्या जुलैंत चैनीच्या वस्तूंवर बंदी पडली, आणि स्त्रियांनीं मोंपे नांवाचे सैल विजारवजा कपडे घातले. युद्धानंतर जी पिढी वाढली तिनें सोयीचें तेंच उचललें, आणि यांत तिचा दोष काढण्याचें कारण नाहीं. पण एका पिढीची सांखळी तुटतांच किमोनो पेटींत राहिला आणि तो नेसण्याची विद्या पेटीबाहेर हरवली. १९६० नंतर तेथें किमोनो नेसणें शिकविणाऱ्या शाळा निघाल्या त्या यामुळेंच. जें आईनें स्वयंपाकघराच्या दारांत उभें राहून फुकट शिकविलें असतें, त्यासाठीं आतां वर्ग आणि प्रमाणपत्रें आहेत.

दुपारीं आम्ही केशपुष्पें करण्याचा एक वर्ग पाहावयास गेलों. जपानी केशालंकारास कान्झाशी म्हणतात, आणि रेशमाच्या तुकड्यांची फुलें करण्याच्या कलेस त्सुमामी-झाइकु. ‘त्सुमामी’ म्हणजे चिमटींत धरणें. पातळ रेशमाचे लहान चौकोनी तुकडे घ्यावयाचे, चिमट्यानें कर्णरेषेवर दुमडावयाचे, पुन्हां दुमडावयाचे, आणि त्याची एक पाकळी करावयाची. पाकळ्यांचे मुख्य प्रकार दोनच : एक गोल आणि एक टोंकदार. केलेल्या पाकळ्या तांदळाच्या खळीवर ओळीनें उभ्या करतात आणि खळ मुरल्यावर एकेक उचलून बैठकीवर बसवितात. या बसविण्यास ते लोक छपरावर गवत शाकारण्याचेंच क्रियापद वापरतात, आणि पाहणारास तें तंतोतंत पटतें.

आमच्या बोटांस आयुष्यभर खडूची संवय. अर्ध्या घटकेच्या ठिकाणीं तासभर खर्चून आम्हीं पांच पाकळ्यांचें एक फूल पुरें केलें. सौ. यांचें मात्र दुसरेंच. पहिल्या दोन पाकळ्या झाल्यावर त्या म्हणाल्या, “अहो, ही तर मोदकाची कळी!” आणि मग त्यांचा चिमटा थांबला नाहीं. शिकविणाऱ्या बाईंनीं त्यांच्या बोटांकडे पाहून कांहीं प्रश्न केला. सूनबाईंनीं उकडीच्या मोदकाचें वर्णन करून उत्तर दिलें, तें त्यांस कितपत समजलें कोण जाणे. पण दोघी स्त्रिया एकमेकींचे हात पाहून प्रसन्न झाल्या एवढें खरें.

हीं फुलें आतां कोणाच्या केंसांत दिसतात? तीन व सात वर्षांच्या मुलींच्या नोव्हेंबरांतील ‘शिचि-गो-सान’ सणांत, प्रौढत्वाच्या जानेवारींतील समारंभांत, लग्नांत. आणि क्योतोंत नित्य दिसतात तीं माइकोंच्या मस्तकीं. माइको म्हणजे नृत्यगायनाचें शिक्षण घेणारी तरुण उमेदवार कलावती. तिची केशरचना स्वतःच्याच केंसांची असते, आणि तींतील फुलें महिन्यागणिक बदलतात. फेब्रुवारींत प्लम, मार्चांत मोहरीच्या जातीचें पिवळें फूल, एप्रिलांत चेरी, मेमध्यें निळसर जांभळ्या विस्टेरियाचे घोंस, जुलैंत गिओन उत्सवामुळें पंखे, आक्टोबरांत शेवंती, नोव्हेंबरांत मेपलचीं तांबडीं पानें. माइको समोरून गेली कीं पंचांग पाहावयास नको. कालिदासानें मेघदूतांत अलकेच्या स्त्रियांस साऱ्या ऋतूंचीं फुलें एकाच वेळीं लेवविलीं आहेत. तें स्वर्गाचें वैभव झालें. क्योतोची रीत मर्त्य लोकाची : एका वेळीं एक ऋतु, आणि तो सरला कीं त्याचें फूल पेटींत.

त्या माइकोंमागें छायाचित्रांसाठीं पर्यटक इतके धांवूं लागले कीं, २०२४ पासून गिओनांतील कांहीं खासगी गल्ल्यांत बाहेरच्यांस जाण्यास मनाई झाली आहे. आम्ही मुख्य रस्त्यानेंच परतलों.

सायंकाळीं किमोनो परत दिले. तेव्हां सौ. यांनीं आपली नऊवारी नेसावयास घेतली, आणि त्या सकाळच्या बाई बाजूस उभ्या राहून पाहूं लागल्या. नऊ वार वस्त्र, त्यास एक टांका नाहीं, दोरी नाहीं, टांचणी नाहीं. गांठ, निऱ्या, कासोटा, पदर. आणि पांच मिनिटांत काम आटोपलें. बाईंनीं दोन्ही हात पुढें जुळवून लवून नमस्कार केला आणि विचारलें, “हें तुमच्या मुलींस येतें ना?”

सौ. यांस मुली नाहींत. तीन सुना आहेत. तिघीही शिकलेल्या, मिळवत्या आणि आमच्या घराचें भूषण. पण स्वतःच्या हातानें नऊवारी एकीसही नेसतां येत नाहीं. गेल्या साली घरांतील कार्यास तिघींनीं शिवलेल्या नऊवारी आणल्या होत्या. त्या सुंदर दिसल्या, यांत शंका नाहीं. परंतु ती साडी घातलेली होती, नेसलेली नव्हती. सूनबाईंनीं प्रश्नाचें भाषांतर केलें आणि उत्तराची वाट न पाहतां खालीं मान घातली. उत्तर नातीनें दिलें. ती म्हणाली, “मला येणार आहे.”

परत आल्यावर तिनें आपला शब्द विसरूं दिला नाहीं. श्रावणांतल्या मंगळवारीं आजी-नातीचा वर्ग माजघरांत भरला. पहिल्या मंगळवारीं कासोटा तीनदां सुटला. दुसऱ्या मंगळवारीं निऱ्या जमल्या तर पदर आंखूड पडला. चौथ्या मंगळवारीं ती साडी नेसून जिना चढली आणि उतरली. त्या दिवशीं मधली सूनबाईही, सहज आल्यासारखी, दारांत उभी राहून पाहत होती. सौ. यांनीं तिला कांहीं विचारलें नाहीं. पेटींतून दुसरी नऊवारी काढून तेवढी बाजूस ठेवली.

रोज नऊवारी नेसा असा उपदेश आम्ही कोणासही करीत नाहीं. काळाची निकड आम्हांसही कळते. आमचें म्हणणें इतकेंच कीं, ज्या घरांत ही विद्या जाणणारे हात अजून आहेत, तेथें ती या वर्षींच मागून घ्यावी. वस्त्र पेटींत शंभर वर्षें टिकतें. तें नेसविणारे हात पेटींत ठेवतां येत नाहींत.