रेक्याविकची मिरवणूक

रेक्याविक म्हणजे आपल्या एखाद्या तालुक्याएवढ्या वस्तीची आइसलँडची राजधानी. तिथल्या हर्दुर तोर्फासॉन या गायक-नटाने १९७५ साली मासिकातल्या मुलाखतीत आपण समलिंगी असल्याचं सांगून टाकलं. एवढ्याशा गावात तोंड लपवायला जागा कुठली? बिचाऱ्याला देश सोडावा लागला. तरी १९७८मध्ये त्याच्याच पुढाकाराने समलिंगी लोकांची संघटना उभी राहिली. १९९३ला त्यांच्या हक्कांसाठी मोर्चा निघाला. पुढे ऑगस्टमधला मिरवणुकीचा सणच सुरू झाला, आजी-नातवंडांसकट. २०१०मध्ये तर शहराचे महापौर योन ग्नार या सणात बाईच्या वेषात अवतरले!

मला मात्र खरी मौज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. २००८मध्ये आइसलँडच्या बँका बुडाल्या, तेव्हा दर शनिवारी संसदेसमोर लोकांना जमवणारा माणूस हाच, हर्दुर. सरकार पडलं आणि योहाना सिगुर्दार्दोत्तिर पंतप्रधान झाल्या. आपण समलिंगी आहोत हे न लपवता त्या पदावर बसलेली जगातली ही पहिली व्यक्ती. जून २०१०मध्ये समलिंगी विवाहाचा कायदा ४९ विरुद्ध ० मतांनी संमत झाला. विरोधात एकही नाही, हे मी दोनदा वाचलं. कायदा लागू झाला त्याच दिवशी योहानाबाईंनी आपल्या लेखिका सहचारिणीशी रीतसर लग्न लावून घेतलं.