पावसात टिकेल का?

तुम्ही म्हणाल, पन्नाशी उलटलेल्या माणसाने कॉम्प्युटर गेमपायी आठ रात्री जागवायच्या म्हणजे जरा अतीच झाले. आमच्या घरीही हेच मत आहे. पण झाले काय, मे महिन्याच्या सुट्टीत भाचा आला, माझ्या लॅपटॉपवर 'पॉली ब्रिज' घालून दिला आणि जाताना म्हणाला, "मामा, ही एक लेव्हल मला सुटत नाही. तू बघ." बस्स, तिने मला पछाडलेच.

ज्यांना हा गेम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. २०१६ साली पूर्ण रूपात आलेला हा खेळ. दोन काठ, मध्ये पाणी. तुमच्याकडे रस्त्याचे तुकडे, लाकूड, पोलाद, दोर असे सामान आणि ठरलेले बजेट. प्रत्येक तुकड्याला लांबीची मर्यादा, किंमत आणि वजन. पूल बांधायचा, बटण दाबायचे आणि गाडी पलीकडच्या झेंड्यापर्यंत पोचते का ते बघायचे. एखाद्या तुकड्यावर ताण आला की तो हिरव्याचा लाल होत जातो आणि शेवटी काडकन मोडतो. मग गाडी पाण्यात.

माझ्या लेव्हलमध्ये पाणी रुंद होते आणि खालून बोट जाणार होती, म्हणजे मध्ये आधार देता येत नव्हता. टेकू घ्यायला प्रत्येक काठावर दोनच जागा, एक रस्त्याच्या उंचीवर, दुसरी बरीच खाली. वरून जाणार होता ट्रक.

पूल मध्यभागी वाकत होता. कोणीही शहाणा माणूस करील तेच मी केले. मध्यभाग मजबूत केला. आधी लाकूड घातले, मग पोलाद, मग दुहेरी पोलाद. आणि गंमत बघा, जितके जास्त सामान मी मध्ये घालीन तितका पूल लवकर पडू लागला! शेवटी शेवटी तर ट्रक चढण्याआधीच तो स्वतःच्याच ओझ्याने खाली यायचा.

सातव्या रात्री बाबा माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. वय ब्याऐंशी. चार-पाच वेळा त्यांनी माझा ट्रक बुडताना पाहिला आणि म्हणाले, "मदीं कित्याक घालता? देगेर पळय मरे."

मी काठाकडे पाहिले. खरेच की! वाकत होता मध्यभाग, पण आधी लाल होत होते काठाजवळचे तुकडे. सगळा भार शेवटी तिथेच यायचा आणि मी मध्ये पोलाद भरून तोच भार वाढवत होतो. बाबा काही इंजिनियर नव्हेत, पणजीत कारकुनी केलेला माणूस. पण आमच्या जुन्या घराचे छप्पर त्यांनी दोनदा उतरवून चढवून घेतलेले. त्यांनी वर बोट दाखवले. छपराची कैची! वासे, रिपा, कौले यांचे सगळे ओझे तिरक्या लाकडांतून भिंतींवर उतरते. चौकोन कोपऱ्यांत दाबला की तिरका होतो. त्रिकोणाचे तसे नसते, त्याची एखादी बाजू मोडल्याशिवाय त्याचा आकार बदलत नाही.

मग मी मधले पोलाद काढून टाकले. पैसे परत आले, वजन गेले. दोन्ही काठांवर खालच्या टेकूपासून तिरक्या तुळया वर रस्त्याकडे नेल्या आणि त्यांच्यामध्ये त्रिकोण बसवले. मधे बोटीपुरती जागा मोकळी राहिली. बटण दाबले. ट्रक चढला. पूल करकरला, मध्ये दबला, दोन तुकडे पार लालबुंद झाले, पण ट्रक पोचला झेंड्याला!

मी टाळी वाजवली. बाबांनी मात्र एवढेच विचारले, "पावसांत उरतलो?"

मी हसलो. मग माझे हसू थांबले.

शनिवार, ५ जुलै १९८६. मांडवीवरचा पूल कोसळला तो दिवस. आम्ही बेतीला राहायचो आणि बाबा पणजीत कामाला. बातमी आली तेव्हा आई काही बोलली नाही, माझा हात धरून भर पावसात धक्क्यावर जाऊन उभी राहिली. किती फेरीबोटी आल्या आणि गेल्या ते मला आठवत नाही. एकीतून बाबा उतरले, छत्री हरवलेली, चपला हातात. आईने त्यांना काही विचारले नाही. तिघेही तसेच घरी आलो.

पुढे नवा पूल झाला. शेजारीपाजारी सगळे बसने जाऊ लागले. बाबा निवृत्त होईपर्यंत फेरीबोटीनेच गेले. "वारे बरे लागते," म्हणायचे. २०१९ मध्ये तारांवर तोललेला अटल सेतू सुरू झाला, तेव्हा मी त्यांना हौसेने गाडीतून फिरवून आणले. वरून मांडवी काय सुंदर दिसते! बाबांनी पुलावर चढण्याआधी खिडकीची काच खाली केली आणि उतरल्यावर वर केली. मधे एक शब्द नाही.

आता कळते, त्या गेममध्ये काय नाही ते. तिथे पूल एकदाच, अर्धा मिनिट टिकला की झाले. करकरला तरी चालतो, लाल झाला तरी चालतो. खारी हवा नाही, गंज नाही, पंधरा वर्षांनंतरचा जुलै नाही. रोज त्याच पुलावरून घरी येणारा माणूस तर नाहीच नाही.

दुसऱ्या दिवशी मी तोच पूल पुन्हा बांधला. लाल झालेल्या प्रत्येक तुकड्याच्या जोडीला आणखी एक दिला. बजेट ओलांडले, आकडा लाल झाला. पण ट्रक गेला तेव्हा पूल हललाही नाही आणि सगळे तुकडे हिरवे राहिले.

भाच्याला फोन करून सांगितले. तो म्हणाला, "मामा, बजेटच्या बाहेर गेला तर काय उपयोग?"

म्हटले, ते तू आजोबांना विचार.