घोटभर पाणी

निर्जला एकादशी आईने वयाच्या बहात्तराव्या वर्षापर्यंत कधी चुकविली नव्हती. त्यामुळे २०१२ सालच्या मे महिन्यात, इंदूरच्या एका रुग्णालयात तिच्या पित्ताशयातील खड्यांची शस्त्रक्रिया ठरली आणि "रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही नको" असे बजावण्यात आले, तेव्हा ती हसून म्हणाली, "एवढेच ना?"

शस्त्रक्रिया सकाळी आठला व्हायची होती. आधीची लांबली, मग एक तातडीचा रुग्ण आला. बाहेर ऊन रणरणत होते. दुपारी दोनच्या सुमारास आई म्हणाली, "घोटभर पाणी दे रे." मी दिले नाही. आपण नियम पाळला, याचा मला त्या वेळी अभिमानच वाटला! चारला तिला आत नेले.

शस्त्रक्रिया उत्तम झाली; पण दुसऱ्या दिवशी लघवी अगदी थोडी नि गडद, रक्तातील क्रिएटिनिन वाढलेले. चार दिवस सलाईन आणि काळजी यांत गेले. मग मूत्रपिंडे सावरली.

आमच्या परिचयातील एका वृद्ध डॉक्टरांनी मला नंतर हे समजावून सांगितले. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो. दिवसाकाठी जवळजवळ १८० लिटर द्रव ती गाळतात आणि बहुतेक सारा शरीराला परत करतात. पाणी कमी पडले की ती काटकसर करू लागतात. धडधाकट माणसाला एका रात्रीचा उपास सहज पेलतो. परंतु वय झालेले, रक्तदाबाच्या गोळ्या चालू, त्यात भुलीने रक्तदाब उतरलेला आणि वर वेदनाशामके, अशा वेळी कोरडे पडलेले शरीर मूत्रपिंडांना पुरेसे रक्त पुरवू शकत नाही. केवळ उपासानेच हे घडले, असे मात्र ते म्हणाले नाहीत.

उपासाचा नियम निराधार नव्हे. भुलीत पोटातले अन्न फुप्फुसात शिरते, हा धोका मेंडेलसन या अमेरिकन डॉक्टरांनी बाळंतिणींच्या बाबतीत १९४६ साली दाखवून दिला. पण पाणी जठरातून लवकर पुढे सरकते. म्हणून अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संस्थेने १९९९ सालीच साध्या पाण्याला दोन तास आधीपर्यंत मुभा दिली. दूध व हलक्या आहाराला सहा तासांची अट ठेवली. आम्ही मात्र सोळा तास मोजले!

२०१६ साली आईच्या हर्नियाच्या वेळी मी आदल्या दिवशीच भूलतज्ज्ञांना गाठले. त्यांनी तिचे कागद पाहिले. जठर मंदावलेला मधुमेही किंवा आतड्याला अडथळा असलेला रुग्ण असता तर माझे उत्तर वेगळे असते, असे म्हणून त्यांनी सहापर्यंत पाण्याला परवानगी दिली. वेळ लांबली तर पुन्हा विचारा, असेही सांगितले.

पहाटे साडेपाचला मी पेला पुढे केला. आईने घड्याळाकडे पाहिले. "डॉक्टरांना विचारलेस ना?" मी मान डोलावली. सावकाश पाणी पिऊन ती म्हणाली, "त्या दिवशी तू दिले असतेस, तरी मी घेतले नसते हो."

ते खरे नव्हते. मागितले तिनेच होते.