उलटलेले दुखणे

मराठीत दुखणे येते, जाते आणि उलटतेही. ताप उतरावा, घरच्यांनी जरा विसावावे आणि चौथ्या दिवशी अंग पुन्हा तापावे, की जुनी माणसे म्हणत, 'दुखणे उलटले.' निरोप घेऊन गेलेला पाहुणा अर्ध्या वाटेवरून माघारी फिरावा, असे काहीसे या क्रियापदातून सूचित होते. विषमज्वरासारख्या तापाला ते शोभतेही. पक्षाघाताच्या बाबतीत मात्र ते दिशाभूल करते. पक्षाघात उलटत नाही. पहिल्या झटक्याचे कारण शरीरात तसेच राहते आणि त्यातून दुसरा, सर्वस्वी नवा झटका उद्भवतो. पाहुणा घराबाहेर पडलेलाच नसतो.

हा भेद मला उमगला तो माझ्या एका विद्यार्थ्याच्या आजारपणातून. इंदूरच्या एका महाविद्यालयात तो मराठी शिकवीत असे. तेहतिसाव्या वर्षी एका सकाळी त्याचा उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. या वयात अर्धांगवायू कसा, असे जो तो विचारू लागला. उत्तर त्याच्या बालपणात दडलेले होते. घसा धरून, मग सांधे सुजून आलेल्या ऱ्हुमॅटिक तापाने हृदयाची एक झडप अरुंद करून ठेवली होती. अशा हृदयाची लय बिघडली, की त्याच्या वरच्या डाव्या कप्प्यात रक्त साकळते, गुठळी होते आणि ती प्रवाहाबरोबर जाऊन मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकते. रक्तदाब, मधुमेह, तंबाखू ही कारणे तरुणांतही असतातच. पण झडपेचा विकार, रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती, मानेतील रोहिणीच्या अस्तराला गेलेली चीर, बाळंतपणानंतर मेंदूच्या नीलेत धरलेली गुठळी, अशी निराळी कारणेही त्यांच्यात शोधावी लागतात.

तीन महिन्यांत तो पुन्हा वर्गात उभा राहिला. 'बरा झाला' असे सर्वांनी म्हटले आणि या दोन शब्दांनीच घात केला. रक्त गोठू न देणारी गोळी त्याला चालू होती. तिचे प्रमाण वरचेवर रक्त तपासून ठरवावे लागे. बरा झालेल्या माणसाने तपासणी कशासाठी करावी? आधी ती चुकू लागली, मग गोळी. पस्तिसाव्या वर्षी दुसरा झटका आला. या खेपेस भाषाच गेली. पाठ असलेले मनाचे श्लोक तो अडखळत म्हणे. समोरच्या पेल्याचे नाव मात्र त्याला सापडत नसे.

वाङ्मयाच्या अभ्यासकाला अशा वेळी बोदलेर आठवल्यावाचून राहत नाही. 23 जानेवारी 1862 रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्याने आपल्या टिपणांत एका विलक्षण इशाऱ्याची नोंद केली होती. पुढच्या दुखण्याची ती चाहूल होती, असे अनेकांनी मानले आहे. मार्च 1866 मध्ये बेल्जियममधील नामूर येथे चर्च पाहत असताना तो कोसळला. लवकरच त्याची उजवी बाजू आणि वाणी दोन्ही गेली. फ्रेंच कवितेची भाषा पालटणाऱ्या या कवीच्या ओठांवर एक तुटका अपशब्द तेवढा उरला. 31 ऑगस्ट 1867 रोजी, शेहेचाळिसाव्या वर्षी, तो पॅरिसमध्ये वारला. त्याच पॅरिसमध्ये 1861 साली पॉल ब्रोका यांनी वाचा आणि मेंदूचा एक विशिष्ट भाग यांचा संबंध दाखवून दिला होता. पण त्या ज्ञानातून कवीच्या हाती काही उपाय येण्यासारखा नव्हता. बोदलेरने इशारा वाचला. त्याच्यापाशी औषध नव्हते. माझ्या विद्यार्थ्यापाशी औषध होते. 'बरा' या शब्दाने इशारा झाकून टाकला.

वस्तुतः या शब्दाचा दुसरा अर्थ अधिक प्रामाणिक आहे. 'कसे काय?' या प्रश्नाला आपण 'बरा आहे' म्हणतो, तेव्हा 'ठीक चालले आहे' एवढेच आपल्याला सांगायचे असते. पक्षाघातातून उठलेल्या तरुणाविषयी बोलताना हाच अर्थ मनात असावा. त्याचे कारण सापडले आहे का, औषध चालू आहे का, हे प्रश्न त्याच्या अभिनंदनानंतरही विचारले जावेत. व्याकरणाच्या परिभाषेत सांगायचे, तर 'तो बरा झाला आहे' हा पूर्ण वर्तमानकाळ येथे अपुरा पडतो. 'तो औषध घेत असतो' या रीती वर्तमानकाळातच त्याचे पुढचे आयुष्य, आणि त्याची भाषाही, सुरक्षित राहण्याचा संभव अधिक.