वरची रेघ

'गावरान तूरडाळ'. गा, रा, डा. तीन काने, आणि तिन्हींच्या पायाशी अगदी एकाच जागी एकसारखा टवका. पिशवीचा नमुना समोर आला तेव्हा मला डाळीचं चित्र दिसलं नाही, ते तीन टवके दिसले. स्क्रीनवर मोठं करून पाहिलं, तर दोन्ही 'र'च्या अंगावरची खरवडही तंतोतंत तीच. एका बचत गटाची डाळ आहे, घाटंजीहून शहरात विकायला जायची. पिशवी गावाकडची दिसावी असा बायांचा आग्रह, म्हणून माझ्याकडे शिकलेल्या पोराने हाताने रंगवल्यासारखा दिसणारा एक खडबडीत फॉन्ट लावला होता.

"भाऊ, गिऱ्हाइकाले कुठं समजते एवढं?" तो म्हणाला.

समजतं. बोट ठेवून सांगता येणार नाही, पण पिशवी हातात घेतल्यावर काहीतरी खोटं वाटतं. दुकानाच्या पाटीवर एका कान्याचा रंग उन्हाने पोपडतो, दुसऱ्यावर गळती लागते, तिसऱ्याला कोणाची सायकल घासते. एकाच रोगाने तिघं झिजत नाहीत. आणि मुळात ती झीज पेंटरची नव्हेच. ती पत्र्याची, भिंतीची, पावसाची. पेंटरने तर कड स्वच्छ यावी म्हणून जन्म घालवलेला असतो.

माझी कड स्वच्छ होती. हे मी अभिमानाने लिहितो आहे. बसस्थानकाकडून जाताना मी अजूनही वाट वाकडी करून माझ्या उरलेल्या पाट्या पाहून येतो, आणि दुसऱ्याच्या पाटीवरची मात्रा थरथरलेली दिसली की मनात बरं वाटतं. ही खोड जायची नाही. फ्लेक्स आला तेव्हा आमच्यातल्या अनेकांनी ब्रश ठेवून दिले. निवडणुकीच्या भिंती तेवढ्या काही वर्षं पोटाला होत्या. फ्लेक्सवाल्यांवर माझा राग स्वस्ताईमुळे नाही. नाव लांब असलं की ते अक्षरं आडवी दाबून बसवतात. आम्ही लांब नाव आलं तर 'म'चं पोट कमी करायचो, 'व' आत घ्यायचो. उभ्या दांड्याची जाडी मात्र कमी होऊ द्यायची नाही. दाबलेल्या अक्षरात नेमका तो उभा दांडाच बारीक होतो.

आता माझा हात हलतो. मोठं काम घेणं सोडलं आहे. पोराच्या मनात आलं की विकतचा फॉन्ट कशाला, भाऊंच्याच अक्षराचा करू. मी उत्साहाने जुने कागद काढले, ऐन उमेदीतले, चकचकीत कडांचे. त्याने ते बाजूला ठेवले आणि यंदाच्या, हललेल्या हाताच्या कागदांवर बोट ठेवलं. "हेच हाताचं वाटते, भाऊ." मला ते लागलं. दोन दिवस त्याच्याशी नीट बोललो नाही. जे लपवत आलो त्यालाच आता किंमत, हे अजूनही माझ्या गळी उतरलेलं नाही.

तरी बसलो. आणि अडलो ते वरच्या रेघेवर.

मी अक्षर कधी सुटं लिहिलेलं नाही, नाव लिहिलं आहे. आधी अक्षरं, मग डावीकडून उजवीकडे एका दमात रेघ. सुरुवातीला ब्रश भरलेला, पुढे रंग ओसरत जातो. दुसऱ्यांदा रंग घ्यायचा तो मात्रेपाशी, म्हणजे सांधा झाकला जातो. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर आपापला रेघेचा तुकडा डोक्यावर घेऊन येतं. शेजारी कोण येणार हे ठाऊक नसल्याने तुकड्याची दोन्ही टोकं सगळ्यांना सारख्याच उंचीची, सारख्याच जाडीची ठेवावी लागतात. मधे कितीही खडबडीत करा, सांध्यावर रेघ दरवेळी शहाण्यासारखी जागेवर येते. एका अक्षराची तीन-चार रूपं ठेवून ती आळीपाळीने टाकण्याची सोय असते. टवक्यांचा प्रश्न तिने सुटतो, रेघेचा सुटत नाही.

मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून 'यात्रा वन' हा देवनागरी फॉन्ट केलेला आहे. तो मला आवडतो, कारण त्यात ब्रशचं वळण घेतलं आहे, पोपडे घेतलेले नाहीत. हनिफ कुरेशी यांनी रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरं संगणकात नेली आणि फॉन्टला पेंटरचंच नाव दिलं. दिल्लीच्या कफील यांचा फॉन्ट 'पेंटर कफील' म्हणूनच ओळखला जातो. कुरेशी २०२४ मध्ये गेले. एवढा मान आमच्या धंद्याला दुसऱ्या कोणी दिला नाही. पण कफील यांचा फॉन्ट रोमन अक्षरांचा. तिथे अक्षरं सुटी उभी राहतात, डोक्यावर रेघ नाही. कमल शेडगे यांनी नाटकांची नावं काढली ती त्या त्या नाटकासाठी, सगळं नाव एकत्र. त्यांना हा प्रश्न पडायचं कारणच नव्हतं. जिनिंगमध्ये कापसाच्या १७० किलोच्या गाठीवर स्टेन्सिलने मार्का मारतात, तिथेही प्रत्येक 'क' सारखाच असतो, पण स्टेन्सिल हाताचं असल्याचा आव आणत नाही.

शेवटी ठरवलं की फॉन्ट बिनरेघेचा करायचा. मी चपट्या ब्रशने कागदावर नुसत्या रेघा ओढतो, दोन अक्षरांच्या, तीन अक्षरांच्या, पाचांच्या. पोरगा त्या स्कॅन करून लिहून झालेल्या शब्दावर ठेवतो. रंग ओसरतो तो खरा ओसरतो, आणि हात हलतो तो सलग हलतो. पहिला शब्द पाहिला तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

मग 'भगर' आली. सलग रेघ ठेवली की 'मगर' वाचलं जातं. 'ध'चा 'घ' होतो. पोराने तिथे रेघ उभी कापण्याची युक्ती काढली. मला ती मान्य नाही. ब्रश तिथे कापत नाही, उचलला जातो, 'भ'ची गाठ ओलांडतो आणि पुन्हा टेकतो. टेकतो तिथे रंग किंचित जाड बसतो. शब्द 'भ'ने सुरू होत असेल तर रेघ गाठीनंतरच सुरू होते, मधे असेल तर उचल मधे. म्हणून आता उचल घेतलेल्या रेघा वेगळ्या ओढतो आहे, 'भ' पहिला, दुसरा, तिसरा धरून. 'ध'च्या झाल्या. 'थ'ला अजून हात लावलेला नाही.